बिनतारखेचा राजीनामा

देगलूर,
१२ फेब्रुवारी

मा. नगराध्यक्षा महोदया,
बेलपेठ नगरपरिषद, जि. लातूर, यांस

प्रभाग सातचा नगरसेवक, माजी आमदार आणि आपला नवरा उमाशंकर गुरुबसप्पा हलकुडे याचा शरणार्थ.

पत्र लिहायची वेळ आली, कारण फोन करून थकलो. तुझा फोन तुझा तो पीए सुगत उचलतो आणि म्हणतो, "मॅडम मीटिंगमध्ये हायत, निरोप असंल तर सांगा." मी आमदार असताना बजरंग माझ्यासाठी हेच वाक्य म्हणायचा. पलीकडच्या माणसाला काय होत असेल, हे मला आत्ता, एकसष्टाव्या वर्षी कळून राहिलं. नवऱ्यानं बायकोला निरोप ठेवायचा? मी ठेवला नाही. विधानसभेत मला एक सवय लागली होती, तोंडी उत्तरावर भरवसा ठेवायचा नाही, लेखी मागायचं. तेच मागतो आहे.

सोमवारच्या सर्वसाधारण सभेत मी औचित्याचा मुद्दा घेऊन उभा राहिलो. विषय नळाच्या वेळापत्रकाचा होता. तू आल्या आल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाला फळा लावलास, नळ कुठल्या दिवशी येणार ते खडूनं लिहायला लावलंस आणि सगळ्या गावाला आठव्या दिवशी पाणी केलंस. चांगलं केलंस. पण त्यात आपली गल्लीही आठव्या दिवसावर नेलीस. माझ्या आमदारकीपासून आपल्या गल्लीला एक दिवसाआड नळ यायचा. तो मी कधी मागितला नव्हता, नळ सोडणारा भीमा आपणहून सोडायचा. एवढंच मी सभागृहाच्या निदर्शनास आणून देत होतो. त्यावर तू काय म्हणालीस? "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

विरोधातला पंढरी हसला, त्याची माणसं हसली, ते त्यांचं कामच आहे. पण आपलीही माणसं हसली. मी सभात्याग केला. विधानसभेत मी सभात्याग करायचो तेव्हा मागची बाकं रिकामी व्हायची. इथं दारापाशी जाऊन वळून पाहिलं तर माझ्यामागं कुणीच नव्हतं. मग घरीही थांबलो नाही. पिशवी भरली आणि जगदेवीअक्काकडं निघून आलो. थोरल्या बहिणीच्या घरी तरी आपल्याला कुणी खाली बस म्हणत नाही.

बसमध्ये कंडक्टरला माजी आमदाराचा पास दाखवला. त्यानं नाव वाचलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "हलकुडे म्हंजे बेलपेठच्या नीलाताईंचे कोण हो तुम्ही?" मी सांगितलं, कुणी नाही.

आता सरळच लिहितो. नीला, मला तुझा हेवा वाटतो. दोनदा आमदार झालो, दोनदा पडलो, पुढच्या वेळी पक्षानं तिकीटच दिलं नाही. जिल्हा परिषदेला उभा राहिलो, तिथंही पडलो. मंत्र्यांच्या शेजारी बसलेल्या माणसानं उतरत उतरत नगरपालिकेपर्यंत यायचं म्हणजे काय, ते मी गिळलं, कारण नगराध्यक्ष मी होणार होतो. ऐन वेळी पद महिलेसाठी राखीव झालं म्हणून तुझं नाव पुढं केलं आणि मी नाइलाजानं प्रभागात उभा राहिलो. नाहीतर पालिकेच्या दारातून तुला आत कोण घेऊन गेलं असतं? आणि निकाल काय लागला? मी माझ्या प्रभागात कसाबसा निघालो आणि तू गावभर अशी पुढं गेलीस की मोजणारेही कंटाळले. गुलाल दोघांच्या अंगावर पडला, पण लोक उचलायला तुझ्याकडं धावले.

जाहीर सभेत नवऱ्याला खाली बसवल्याबद्दल तू दिलगिरी व्यक्त करावीस आणि आपल्या गल्लीचा नळ पूर्ववत करावा, एवढ्या दोन मागण्या आहेत. तोवर मी इथंच आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
उमाशंकर


बेलपेठ,
१७ फेब्रुवारी

बहिणीच्या घरी जाऊन बसलेल्या सन्माननीय सदस्यांस नीलाचा शरणार्थ.

तुमचं पत्र पालिकेच्या पत्त्यावर आलं. त्यावर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला आणि माझ्या टेबलावर यायच्या आधी निम्म्या कचेरीनं ते वाचलं. पुढलं पत्र घरी पाठवा.

फोनचं म्हणाल तर सुगतचा दोष नाही. मीटिंगमध्ये आहे असं सांग, हे मीच त्याला सांगितलं होतं. मीही रागात होते. अक्षराचा पुण्याहून फोन आला, पप्पा कुठंयत म्हणून. आत्याकडं गेलेत, होट्टलच्या महादेवाला जायचं म्हणत होते, असं सांगितलं. लेकीला काय सांगणार, नळासाठी रुसलेत म्हणून?

दिलगिरी मागता. तुम्ही उभे राहिलात ते बसायचं नाव घेईनात. विधानसभेतले दाखले द्यायला लागलात. भाजीबाजारातल्या बायका मागं येऊन बसल्या होत्या, त्यांच्या मुतारीचा विषय शेवटाला होता आणि त्या पाट्या उघड्या टाकून आल्या होत्या. म्हणून मी खाली बसावं म्हणाले. आणि खोटं कशाला लिहू, म्हणताना मला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून तुम्हाला खाली बसा म्हणायची संधी मला कधी मिळाली नव्हती. घरी आले तर तुमची पिशवी जागेवर नाही. मग मात्र घास गेला नाही.

नळाचं होणार नाही. आपल्या गल्लीला एक दिवसाआड पाणी येतं हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि ते आपोआप येतं असं फक्त तुम्हाला वाटायचं. प्रचारात मी घरोघर फिरले तेव्हा बायका तांब्या पुढं करून म्हणायच्या, "प्या वैनी, आठ दिसांचं शिळं हाय, तुमच्या घरच्यावानी ताजं न्हाई." तुम्ही त्या वेळी गाडीत बसलेले असायचात.

मला पालिकेच्या दारातून आत कोण घेऊन गेलं असतं, असं विचारता. खरं आहे, तुम्हीच नेलंत. पण आत गेल्यावर त्या खुर्चीवर बसायचं की ती तुमच्यासाठी पुसून ठेवायची, हे काही तुम्ही बोलला नव्हता. मी बसले.

कंडक्टरला तुम्ही कुणी नाही म्हणालात, ते मला लागलं.

रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील. अक्कांच्या घरात मीठ जास्त असतं, जपून जेवा. आणि घरी या.

नीला


देगलूर,
२२ फेब्रुवारी

सौ. नीलास,

गोळ्या आणल्या. तुझं पत्र अक्कानं माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "उमा, ती बराबर बोलून राहिली. तू काय लहान लेकरू हाईस व्हय, नळासाठी घर सोडायला?" ही माझी सख्खी बहीण. तुझी मतं देगलूरपर्यंत पोचली म्हणायची.

मुरुडच्या शिवशंकरअप्पांकडून लग्नाची पत्रिका आली आहे. मी इथं आहे हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. आमदारकी गेल्यावरही त्यांच्या घरच्या प्रत्येक पत्रिकेत प्रमुख उपस्थितीत पहिलं नाव माझं असायचं. यंदा छापलंय, सौ. नीलाताई उमाशंकर हलकुडे, नगराध्यक्षा. खाली बाकीची मंडळी. मी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. माझं नाव आहे, नाही असं नाही, पण ते तुझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये अंग चोरून उभं आहे. अप्पांनी हे मुद्दाम केलं नसेल, म्हणून तर जास्त झोंबलं.

परवा पंढरी येऊन गेला. पेढे घेऊन आला होता. अक्काच्या ओसरीवर बसला आणि दर वाक्याला मला साहेब म्हणाला. त्याचं म्हणणं असं की विधानसभा गाजवलेल्या माणसाला प्रभाग सातच्या गटारीवर बोलायला लावणं हा अन्याय आहे. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, गावात साहेबांना आता कुणी विचारीना, याचं विरोधात असूनही आम्हाला वाईट वाटतं. तो लबाड आहे हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याला राजकारणात मीच आणला. पण त्या लबाडाच्या तोंडून साहेब ऐकताना इतकं बरं वाटलं की मी त्याला जेवायला ठेवून घेतलं. अक्कानं भाकरी टाकल्या, पण वाढायला बाहेर आली नाही.

हात धुता धुता त्यानं हळूच विचारलं, "साहेब, तुमच्या पद्धतीपरमानं वैनींचाबी कागद घेऊन ठेवला असंलच की." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तुला मात्र आठवण करून देतो. बाजार समितीचा सभापती असो की पंचायत समितीचा, मी पद दिलेल्या प्रत्येक माणसाकडून आधी राजीनामा लिहून घेत आलो आहे. खाली सही, वर तारखेची जागा कोरी. माणूस डोक्यावर बसायला लागला की तारीख घालायची आणि कागद पोचता करायचा. माझ्या गटात कधी फूट पडली नाही ती त्यामुळं. तुझाही कागद आहे. माझ्या काळ्या बॅगेत आहे आणि बॅग माझ्याजवळ आहे.

ही धमकी नाही, पद्धत सांगितली.

उमाशंकर


बेलपेठ,
२७ फेब्रुवारी

अहो,

कागद मला आठवतो. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सकाळी मी लिंगपूजेला बसले होते. तुम्ही कागद पुढं केलात. मी विचारलं, कसला? तुम्ही म्हणालात, राजीनामा. मी म्हटलं, अजून निवडून कुठं आलेय? तर म्हणालात, आधीच घ्यायची पद्धत आहे.

मी विचारलं, "बायकोकडूनही?"

तुम्ही म्हणालात, "पद्धत म्हंजे पद्धत."

विभूती लागलेल्या हातानं मी सही केली. तेव्हा राग आला नाही, कारण मी निवडून येईन असं मलाच वाटत नव्हतं. राग आता येतोय.

तारीख घालायची तर घाला. पण पद महिलेसाठी राखीव आहे, हे तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलंत. मी गेले तर पुन्हा निवडणूक लागेल आणि त्या खुर्चीवर दुसरी बाईच बसेल. पंढरीची सून तनुजा तयारच आहे. तिनं लातूरला जाऊन बॅनरसाठी फोटो काढून घेतले, असं बाजारात बोलतात. तुम्हाला त्या खुर्चीचा हातसुद्धा लागणार नाही. म्हणजे तुम्ही हे कराल ते तुम्हाला काही मिळावं म्हणून नाही, मला मिळू नये म्हणून. एवढं स्वतःशी कबूल करा आणि मग पेन उघडा.

आणि जळणं मला शिकवू नका. तुमच्या आमदारकीची दहा वर्षं मी जळत होते. दारात चपलांचा ढीग पडायचा आणि त्यातली एक जोडी माझ्यासाठी आलेली नसायची. मी चहा करायची आणि उंबऱ्यात उभी राहून सांगायची, साहेब मुंबईला गेलेत, साहेबांना बरं नाही, साहेब घरी नाहीत. तुम्ही आतल्या खोलीत पेपर वाचत असायचात. माणसं मला बघून न बघितल्यासारखी पुढं निघून जायची. मला तुमच्या पदाचा कंटाळा आलाय असं तुम्हाला वाटायचं. कंटाळा नव्हता हो, ते मला हवं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता माणसं दारात येऊन विचारतात, "ताई हायत का?" मला ते फार आवडतं. गाडी आवडते. मी आत गेले की सगळी सभा उठून उभी राहते ते आवडतं. पण हे तुमचं काढून मला मिळालेलं नाही. तुमचं आधीच गेलं होतं.

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

पंढरीला पुन्हा जेवायला घालू नका. अक्कांनी त्याच्यासाठी चूल का फुंकावी?

८ मार्चला नांदेडला महिला दिनाचा कार्यक्रम आहे, तिथं माझा सत्कार आहे. देगलूरहून तुम्हाला जवळ पडेल. या म्हणणार होते, पण व्यासपीठावरची खुर्ची की खालची, यावरून पुन्हा काहीतरी व्हायचं. तुमचं तुम्ही बघा.

नीला


नांदेड,
८ मार्च

अहो,

सत्कार झाला. मावशीकडं आले आहे, चहा होईपर्यंत लिहून होईल, म्हणून इथूनच टाकते.

सुगतनं भाषण लिहून दिलं होतं. पहिलंच वाक्य असं की माझे पती माजी आमदार उमाशंकररावजी यांच्या आशीर्वादानं मी आज इथं उभी आहे. माझ्या आधी पाच-सहा जणी बोलल्या, कुणी सरपंच, कुणी जिल्हा परिषदेच्या. प्रत्येकीनं नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं नाव घेतलं. दोघींचे नवरे तर पहिल्या रांगेत बसून बायकोबरोबर ओठ हलवत होते, भाषण त्यांनीच लिहिलेलं. माझी पाळी आली आणि ते वाक्य तोंडातून निघेना. कागद मिटला. नळाच्या फळ्यांवर बोलले, बाजारातल्या मुतारीवर बोलले आणि खाली आले. टाळ्या चांगल्या पडल्या.

पण खाली बसल्यावर चैन पडेना. अधिकाऱ्याला फोन करत बसायचं नाही, त्याच्या टेबलासमोर जाऊन बसायचं आणि सही झाल्याशिवाय उठायचं नाही, हे मी कुणाचं बघून शिकले? तुमचं. त्याला आशीर्वाद म्हणवत नाही, पण शिकले हे खरं. तेवढं माझ्या शब्दांत म्हणायला हवं होतं. राहिलं. पुढल्या वेळी म्हणेन, तुम्ही समोर असताना.

पाडव्याला घरी या. त्या दिवशी आपल्या गल्लीचा नळ आहे. पुरणाला बसते तेव्हा कुणीतरी पाणी भरायला लागेल. माजी आमदार चालतील.

नीला


देगलूर,
९ मार्च

नीला,

काल मी नांदेडला होतो.

तुला न कळवता आलो आणि शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो. पिशवी बरोबर घेतली होती. कार्यक्रम संपला की पुढं यायचं आणि तुझ्याच गाडीतून बेलपेठला जायचं, असं मनात होतं. अक्कानं निघताना हातावर दही दिलं होतं.

त्याच सभागृहात मी कितीदा प्रमुख पाहुणा होतो. ते जाऊ दे. एकेक बाई उठली आणि तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. ज्यांच्या नवऱ्यांना गल्लीत कुत्रं विचारत नाही त्यांनीही घेतलं. माझ्या शेजारी हदगावकडचे एक किशनराव बसले होते, त्यांची बायको सरपंच आहे. तिनं नाव घेतलं तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तू उठलीस. मी टोपी सरळ केली. तू नळावर बोललीस. मुतारीवर बोललीस. तुझ्या भाषणात मुतारीला जागा होती.

किशनरावांनी विचारलं, "तुमची कोणती हो?"

मी म्हटलं, अजून बोलायची आहे.

मी पुढं आलो नाही. पिशवी उचलली आणि परत फिरलो. तारीख आत्ताच घातली. उद्या लातूरला जाऊन कागद जिल्हाधिकारी कार्यालयात देतो.

उमाशंकर


देगलूर,
१३ मार्च

नीला,

तुझं नांदेडचं पत्र काल पोचलं. कागद मी मंगळवारीच देऊन बसलो आहे.

एखाद्या सभापतीला असा खाली उतरवला की मला आधी कसं मोकळं वाटायचं. या वेळी पोच हातात पडली आणि काहीच वाटलं नाही, नुसती तहान लागली. बाहेर पंढरीची गाडी उभी होती. तो म्हणाला, "चला उमाशंकरराव, स्टँडला सोडतो." साहेब म्हणाला नाही. कागद आत गेला होता, आता त्याला साहेबाची काय गरज? मी चालत गेलो.

आता नीट वाच. तुला खात्री करायला बोलावतील. सही तुझी आहे का आणि मर्जीनं केली का, असं विचारतील. तू सांग, माझी नाही. नवऱ्यानं खोटी केली म्हण. ते जमत नसेल तर धाक दाखवून घेतली म्हण. तारखेची शाई वेगळी आहे, अक्षर माझं आहे, कुणालाही दिसेल. गुन्हा दाखल झाला तर होऊ दे. हे पत्र त्यांच्यापुढं ठेव, मी लेखी देतो आहे. मी जळून हे केलं, दुसरं काहीही कारण नव्हतं. तू सांगितलंस तेच, मला यातून काही मिळणार नव्हतं आणि मिळालंही नाही.

अक्का माझ्याशी बोलत नाही. ताट पुढं ठेवते आणि उठून जाते.

उमाशंकर


बेलपेठ,
२४ मार्च

अहो,

काल लातूरला जाऊन आले. अधिकारी बाई होत्या, भल्या वाटल्या. त्यांनी माझ्यासोबत आलेल्या सुगतला बाहेर बसवलं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, घाबरू नका, खरं काय ते सांगा. शाई वेगळी आहे हे त्यांनीच बोट ठेवून दाखवलं. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. एक शब्द बोलले असते तर मी आजही नगराध्यक्षा असते.

मी सांगितलं, सही माझी आहे आणि मर्जीनं केली आहे.

तुम्हाला वाचवायला असं बोलले, असं समजून हुरळू नका. थोडं तेही असेल. पण तुमच्यासाठी उंबऱ्यात उभी राहून मी दहा वर्षं खोटं बोलले, आता स्वतःसाठी बोलायचं नव्हतं. आणि ते पद होतं कुणाचं? तिकीट तुमचं, झेंडा तुमचा, राजीनामासुद्धा तुमच्याच बॅगेत. मी खुर्चीवर बसायची आणि रोज कुठंतरी वाटायचं, हे मागायला येणार. आलात. देऊन टाकलं. आता तुमचं माझ्याकडं काही राहिलं नाही.

येताना एसटीनं आले. बसमध्ये रडले. बायका विचारायला लागल्या, माहेरी कुणी गेलं का म्हणून. घरी आले तर दारात माणसं होतीच, त्यांना अजून कळलं नव्हतं. एका म्हातारीला दाखला हवा होता. मी आता नगराध्यक्षा नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "मंग उद्या येऊ का?" मी तिला घरात घेतलं आणि अर्ज लिहून दिला.

राग इतका आहे की तुम्ही समोर आलात तर तोंडाला येईल ते बोलेन. म्हणून समोर येऊ नका.

पोटनिवडणूक लागेल आणि मी उभी राहणार आहे. आज सकाळीच तुमच्या पक्षाची मंडळी येऊन गेली. तिकीट देऊ, फक्त साहेबांच्या कानावर घालतो, म्हणाली. चहा दिला आणि तिकीट नको म्हटलं. अपक्ष उभी राहीन. बॅनरवर तुमचा फोटो असणार नाही. बाजारातल्या बायका फिरणार आहेत, भीमाची बायको फिरणार आहे. तुम्ही प्रचाराला येऊ नका, माझ्याकडून नको आणि पंढरीकडून तर नकोच. निवडणूक होईपर्यंत अक्कांकडं राहा.

तुमचं मत बेलपेठेत आहे, ते द्यायला या. कुणाला द्या हे मी सांगणार नाही, आणि कुणाला दिलंत हे विचारणार नाही.

गोळ्यांचं पाकीट सोबत पाठवते आहे.

नीला


बेलपेठ बसस्थानक,
१४ जून

नीला,

मधल्या काळात तू लिहिलं नाहीस, म्हणून मीही लिहिलं नाही. मत देऊन आत्ताच स्थानकात येऊन बसलो आहे. देगलूरची गाडी लागायला वेळ आहे. तू सांगितलंस तसा घरी गेलो नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो होतो, तिथून परत फिरलो.

पंढरीनं मला न्यायला गाडी पाठवली होती. नको म्हटलं आणि चालत शाळेत गेलो, रांगेत उभा राहिलो. आमदार असताना मला रांगेत कुणी उभं राहू दिलं नाही. हाताला धरून पुढं न्यायचे, शाई लावलेलं बोट वर करून फोटो काढायचे. आज कुणी नेलं नाही. शेजारच्या बायकांच्या रांगेत दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, "ताईच्या मालकानंच घात केला म्हणं." दुसरी म्हणाली, "जळला गं तो." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. ओळखलं असतं तरी त्या थांबल्या असत्या असं वाटत नाही. माझ्या सगळ्या राजकारणाचा निकाल त्या बाईनं इतक्यात लावून टाकला, आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणता येईना.

आत गेलो. तनुजाचं नाव वर होतं. तुझं खाली, त्यापुढं शिलाई मशीन. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी एकटा होतो.

तू विचारणार नाहीस, म्हणून सांगतो. गावात सगळे म्हणतात तूच येणार, आणि आधीपेक्षा जास्त मतांनी येणार. सकाळपासून चहाच्या टपरीवर, रांगेत, जिथं जाईन तिथं हेच ऐकत होतो आणि ते मला सहन होत नव्हतं. या वेळी तर त्यात माझं काहीच नाही, तिकीट नाही, फोटो नाही, शब्दही नाही. तुझी माफी मागायची म्हणून तीन महिने अक्काच्या ओसरीवर बसून वाक्यं जुळवत होतो. तिथं उभा राहिलो तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. मनात आलं ते हे, की ही पडली तर घरी बसेल. मी परत येईन. दोघंही माजी. भांडायला काही उरणार नाही आणि लोक पुन्हा मला ओळखतील. हा विचार मी अर्धा सोडला नाही, शेवटापर्यंत केला.

टेबलामागच्या मास्तरांनी आवाज दिला, "काका, दाबा की, मागं रांग हाय."

शिलाई मशीन दाबलं. आवाज आला, मी बाहेर आलो. उद्या मोजणी आहे, तू येशील.

पण नीला, लगेच नाही दाबलं.

उमाशंकर